स्वस्तातले पण चांगले ॲक्रेलिक कलर कसे निवडायचे, कुठल्या कामाला कुठले

ॲक्रेलिक कलर कुठले घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, करायचंय काय? कॅनव्हासवर लँडस्केप, लाकडी ट्रेवर डिझाईन, टी-शर्ट, भिंत, दगडावर मंडला, की पोरिंग, म्हणजे पातळ रंग कॅनव्हासवर ओतून केलेलं काम? कारण एका कामाला जो रंग स्वस्त आणि मस्त असतो तोच दुसऱ्या कामात पैसे वाया घालवतो. पण आपण खरेदीला बसलो की कामाचं काही डोक्यात नसतं, २४ रंगांचा बॉक्स दिसतो, एवढ्याशा पैशात इतके रंग म्हणून लगेच कार्टमध्ये, आणि मग महिन्याभरात पांढरा संपलेला असतो आणि तो विचित्र पोपटी न् जांभळा तसाच पडून.

आधी थोडक्यात, रंग स्वस्त कसा होतो ते. ॲक्रेलिकमध्ये मुख्य तीन गोष्टी, पिगमेंट म्हणजे रंगाची बारीक पूड, ती धरून ठेवणारं ॲक्रेलिक पॉलिमरचं बाइंडर, आणि पाणी. पाणी उडून गेलं की पॉलिमरचे कण एकमेकांना चिकटतात आणि प्लॅस्टिकचा लवचिक थर तयार होतो, म्हणून वाळल्यावर तो पाण्याने निघत नाही (ब्रशवर वाळला तर ब्रश गेला समजा). यातलं महाग काय, तर बहुतेक वेळा पिगमेंट. त्यामुळे किंमत कमी करायची तर पिगमेंट कमी घालायचं आणि खडूच्या पुडीसारखं फिलर वाढवायचं, किंवा महागड्या पिगमेंटच्या जागी स्वस्त पिगमेंटचं मिश्रण वापरायचं. स्टुडंट ग्रेड (शिकणाऱ्यांसाठीचे स्वस्त रंग) आणि आर्टिस्ट ग्रेड (व्यावसायिक चित्रकारांसाठीचे महाग रंग) यातला फरक मुख्यतः हाच. आणि छोट्या बाटल्यांमध्ये जे क्राफ्ट पेंट मिळतात त्यात पिगमेंट अजून कमी, रंग पातळ, वाळल्यावर मॅट. वाईट नाहीयेत ते, त्यांचं काम वेगळं आहे, पुढे सांगते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ट्यूब उलटी करून मागचं वाचा. पुढचं नाव कंपनी काहीही ठेवते, मागे जो पिगमेंट कोड असतो तो खरा. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम व्हाइट, पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो ब्लू, पीआर १२२ म्हणजे क्विनॅक्रिडोन मॅजेंटा, पीवाय ४२ किंवा ४३ म्हणजे यलो ऑकर. एकच कोड असेल तर तो सिंगल पिगमेंट रंग, मिक्सिंगला एकदम स्वच्छ. तीन-तीन कोड असतील तर कंपनीने आधीच मिक्स करून दिलाय, त्यात तुम्ही अजून दोन मिसळलेत की चिखल. "माझे रंग मिक्स केल्यावर मळकट होतात" ही जी तक्रार असते ना, तिचं मूळ बऱ्याचदा हातात नसून ट्यूबमध्ये असतं.

कोडच छापलेला नसेल तर? मग तो रंग क्राफ्टला घ्या, ज्या पेंटिंगवर आठवडाभर बसणार आहात त्याला नको.

नावापुढे "ह्यू" लिहिलेलं दिसतं, जसं कॅडमियम रेड ह्यू. म्हणजे यात कॅडमियम नाही, दुसऱ्या पिगमेंटने तसा शेड बनवलाय. लोक याला फसवणूक म्हणतात पण तसं काही नाही, खरं कॅडमियम महाग असतं, शिवाय विषारी धातू असल्यामुळे सँडिंग किंवा स्प्रे करताना जपावं लागतं, त्यामुळे शिकताना ह्यूच बरा. फरक एवढाच की तो झाकतो कमी आणि पांढऱ्यात मिसळल्यावर वेगळा वागतो.

मग लाइटफास्टनेस, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो. काही कंपन्या रोमन १, २ असे आकडे देतात, त्यात १ सगळ्यात चांगला. ब्लू वूल स्केलवर मात्र उलटं, तिथे १ ते ८ आणि ८ सगळ्यात चांगला, आणि कुठे नुसते स्टार किंवा प्लस असतात, त्यामुळे कुठली पद्धत आहे ते बघूनच ठरवा. भिंतीवर लावायचं, विकायचं किंवा कुणाला द्यायचं असेल तर हे बघाच. निऑन गुलाबी, फ्लोरोसंट रंग दिसायला भारी पण उजेडात लवकर उडतात, आणि जुना अलिझरीन क्रिमसन, पीआर ८३, तोही उडणारा. स्केचबुक बंदच राहणार असेल तर एवढी काळजी नको.

छोटा चौकोन पण छापलेला असतो, पूर्ण भरलेला म्हणजे रंग अपारदर्शक, रिकामा म्हणजे पारदर्शक, अर्धा म्हणजे मधला. हे न बघितल्यामुळे लोक चांगल्या रंगाला शिव्या घालतात. क्विनॅक्रिडोन मॅजेंटा खालचं झाकत नाही कारण तो पारदर्शकच आहे, कितीही महाग घेतला तरी तसाच राहणार.

आता पैसे कुठे वाचवायचे. माझा साधा हिशोब असा आहे की जे पिगमेंट मुळातच स्वस्त आहे ते स्टुडंट ग्रेडमध्ये बिनधास्त घ्यायचं. मातीचे रंग, म्हणजे यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, आणि काळा, अल्ट्रामरीन. यांच्यात कंपनीला काटकसर करायची फारशी गरज नसते त्यामुळे स्टुडंट ट्यूबसुद्धा छान निघते. थॅलो ब्लू आणि थॅलो ग्रीन तर इतके जोरकस असतात की स्टुडंट ग्रेडमध्ये पण भरपूर होतात, मोठ्या पांढऱ्या गोळ्यात काडेपेटीच्या काडीच्या टोकाएवढा थॅलो घाला आणि बघा सगळं निळं. पिवळा, लाल आणि मॅजेंटा इथे मात्र फरक लगेच कळतो, स्वस्तातला पिवळा तीन हात मारले तरी खालचं दिसतंच. तर जास्तीचे पैसे असतील ते तिथे टाका. वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि ग्रेडचे ॲक्रेलिक एकमेकांत मिसळायला सहसा काही हरकत नसते, सगळं एकाच कंपनीचं घ्यायचा हट्ट कशाला.

आणि पांढरा. पांढरा सगळ्यात जास्त संपतो, म्हणून लोक सगळ्यात स्वस्त आणि मोठा डबा घेतात, आणि तिथेच गंडतं, कारण त्यात टायटॅनियम कमी असेल तर तो झाकत नाही, मग तुम्ही दुप्पट लावता. पांढरा मोठ्या साईजमध्येच घ्या पण बऱ्यापैकी घ्या. पीडब्ल्यू ६ बघा. पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक व्हाइट, तो मुळातच अर्धपारदर्शक आणि मवाळ, हलके टिंट करायला छान, झाकायला नाही.

सुरुवातीला किती रंग लागतात? टायटॅनियम व्हाइट, लेमनकडे झुकणारा एक पिवळा, एक उबदार लाल, क्विनॅक्रिडोन मॅजेंटा, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू, बर्न्ट अंबर. सात झाले. यलो ऑकर आठवा, हवा असेल तर. हिरवा, जांभळा, केशरी यातून सगळं निघतं, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळलं की काळ्यापेक्षा सुंदर गडद रंग मिळतो. २४ च्या बॉक्समधल्या १२ मिलीच्या ट्यूबांपेक्षा ६० किंवा ७५ मिलीच्या या सात ट्यूब कधीही बऱ्या. किंमत बघताना पण दर मिलीला किती पडतं ते काढा, छोट्या ट्यूब दिसायला स्वस्त असतात, हिशोबाला बहुतेक वेळा नाही.

स्टुडंट ग्रेडमध्ये लिक्विटेक्स बेसिक्स, विन्सर अँड न्यूटनचं गॅलेरिया, ॲमस्टरडॅम स्टँडर्ड, डेलर राउनीचं सिस्टीम ३, या रेंज बऱ्याच जणांच्या वापरात आहेत. यातलं जे सहज मिळतं ते घ्या, यांच्यात कुठलं भारी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आर्टिस्ट ग्रेडमध्ये किंमत सिरीजप्रमाणे असते, सिरीज १ स्वस्त, आकडा वाढेल तशी किंमत वाढते, म्हणजे आर्टिस्ट ग्रेडमधलेसुद्धा सिरीज १ चे रंग परवडू शकतात, हे फार जण बघतच नाहीत.

एक गैरसमज आधीच काढून टाका, जाड रंग म्हणजे चांगला रंग असं नाही. १९५५ मध्ये लिक्विटेक्सने पाण्यात मिसळणारा ॲक्रेलिक आणला तोही पातळच होता, जाड ट्यूबवाला नंतर आला. आर्टिस्ट ग्रेडच्या फ्लुइड रंगात पिगमेंट भरपूर असतं, फक्त तो वाहतो. जाडी कामाप्रमाणे निवडायची.

ब्रशचे किंवा नाइफचे मार्क उठून दिसायला हवेत तर हेवी बॉडी, म्हणजे लोण्यासारखा घट्ट रंग. पण संपूर्ण कॅनव्हासवर जाड थर द्यायचा असेल तर नुसता रंग ओतू नका, खिसा रिकामा होईल. खाली मॉडेलिंग पेस्टने (जाड थरासाठी मिळणारी पांढरी पेस्ट) टेक्सचर करून घ्या, वाळू द्या, वरून रंग. किंवा रंगात हेवी जेल मिसळा, रंग तेवढाच पण व्हॉल्यूम वाढतो. पांढरी पेस्ट रंगात मिसळली तर रंग फिका पडतो, जेल वाळल्यावर पारदर्शक होतं, म्हणून जेल.

पातळ थरांवर थर द्यायचे, म्हणजे ग्लेझिंग, तर रिकाम्या चौकोनवाले रंग आणि ग्लेझिंग मीडियम (मीडियम म्हणजे रंगात मिसळायचं, बाइंडर असलेलं द्रव). नुसतं पाणी घालून पातळ केलं तर कागदावर चालून जातं कारण कागद शोषून घेतो, पण प्राइम केलेल्या कॅनव्हासवर खूप पाणी घातलं की बाइंडर विरळ होतो आणि थर कच्चा राहतो, ओल्या फडक्याने पुसलात तर रंग फडक्यावर येऊ शकतो.

लाकूड, दगड, मातीची भांडी, एमडीएफ, इथे क्राफ्ट पेंट मस्त चालतो, महागडे आर्टिस्ट रंग वापरायची काही गरज नाही. फक्त खाली जेसोचे (रंगाआधी लावायचा पांढरा बेस) किंवा प्रायमरचे दोन हात द्या, नाहीतर एमडीएफ रंग पिऊन टाकतं आणि तुम्ही रंग स्वस्त म्हणून घेतलेला असतो तो चारपट लागतो. वरून वॉर्निश, त्याने मॅट रंगसुद्धा खोल दिसतो आणि हाताळताना निघत नाही. कपबशीच्या आत किंवा जिथे खायचं ठेवतो तिथे मात्र ॲक्रेलिक लावू नका, डब्यावर नॉन-टॉक्सिक लिहिलं असलं तरी नाही.

कपड्यावर नुसता ॲक्रेलिक लावला की कापड पुठ्ठ्यागत कडक होतं. फ्लुइड किंवा सॉफ्ट बॉडी (हेवी बॉडीपेक्षा पातळ) रंग घ्या, त्यात फॅब्रिक मीडियम बाटलीवर दिलंय त्या प्रमाणात मिसळा, कपडा आधी धुऊन त्यातली खळ काढा, पूर्ण वाळल्यावर वरून सुती कापड ठेवून इस्त्री. असलेलेच रंग वापरता येतात, वेगळा फॅब्रिक कलरचा सेट घ्यायलाच हवा असं नाही.

पोरिंगला रंग भयंकर लागतो, म्हणून तिथे आर्टिस्ट ग्रेड हेवी बॉडी घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. सॉफ्ट बॉडी किंवा चांगला क्राफ्ट पेंट, त्यात पोरिंग मीडियम, काडी उचलल्यावर पातळ मधासारखी धार पडेल इतपत. मीडियमऐवजी पांढरा ग्लू घालतात बरेच जण, सरावाला ठीक आहे, विकायच्या कामाला नको.

भिंतीला सरळ घराच्या रंगाचं ॲक्रेलिक इमल्शन बेसला, बाहेरची भिंत असेल तर एक्स्टिरियरवालं, आणि फक्त बारीक कामाला ट्यूबमधले लाइटफास्ट रंग. हेच इमल्शन कॅनव्हासवर मात्र नको, ते भिंतीसाठी बनवलेलं असतं, कॅनव्हास हलतो, ताणला जातो, तिथे तडकायची भीती. लहान मुलांना ॲक्रेलिकपेक्षा धुतले जाणारे पोस्टर कलर द्या, कपड्यावरचा वाळलेला ॲक्रेलिक जन्मात निघत नाही.

नवीन रंग मोठा घ्यायच्या आधी एक छोटी ट्यूब आणून टेस्ट करा. जाड कागदावर पर्मनंट काळ्या मार्करने एक जाड रेघ ओढा, वाळू द्या, मग रेघेवरून रंगाचा एक सरळ पट्टा जुन्या कार्डाच्या कडेने ओढा. रेघ किती दिसते त्यावरून झाकण्याची ताकद कळते. शेजारी एक भाग रंग आणि दहा भाग पांढरा मिसळून लावा, चांगल्या पिगमेंटचा रंग इतक्या पांढऱ्यातही ठसठशीत राहतो, फिलरवाला एकदम फिकट, दुधट होतो. वाळल्यावर परत बघा, ॲक्रेलिक वाळला की थोडा गडद होतोच, कारण ओलं बाइंडर दुधाळ असतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं, पण हा फरक कितपत पडतो ते एकदा पाहून ठेवलं की शेड मॅच करताना चिडचिड होत नाही. लाइटफास्टनेसची शंका असेल तर त्याच पट्ट्याचा अर्धा भाग फॉइलने झाकून उन्हाच्या खिडकीत दोन-तीन महिने चिकटवून ठेवा, फॉइल काढलं की दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघा.

सेलमध्ये जुना स्टॉक घेत असाल तर बाटली हलवून उघडा. पाणी वर आलेलं असेल तर ढवळून एकजीव होतं, ते चालेल, पण आंबट कुबट वास येत असेल किंवा आत रबरासारख्या गाठी झाल्या असतील तर कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा. गोठून परत वितळलेला ॲक्रेलिक पण असाच गाठाळतो, त्यात पाणी घालून काही उपयोग नाही.