फुकट फाइल शेअरिंग: आधी फोल्डर बघा

नागपूरच्या बर्डी बाजारातून जुना लॅपटॉप घेतला असेल, तर त्यात आधीपासून कुठलं शेअरिंग सॉफ्टवेअर टाकलेलं आहे का ते पाहा. जुन्या प्रोग्रॅममध्ये कधीकधी अख्खा फोल्डर इतरांसाठी उघडा असतो. त्यात आधार, पॅन किंवा सातबाऱ्याचं स्कॅन असेल तर तेही बाहेर जातं. म्हणून शेअरिंगसाठी वेगळा, रिकामा फोल्डर ठेवाच.

टॉरेंटचं, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइल तुकड्या-तुकड्यांत घेण्याच्या पद्धतीचं, गणित वेगळं. फाइल उतरवताना तिचे तुकडे तुम्ही इतरांना पाठवतही असता आणि तुमचा आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा नंबर) त्यांना दिसतो. त्यामुळे ‘मी तर फक्त डाउनलोड केलं’ हे खरं ठरत नाही. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63 मध्ये जाणूनबुजून कॉपीराइट मोडल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 2 लाखांपर्यंत दंड आहे. टॉरेंट स्वतः बेकायदा नाही, उबुंटू आणि लिबरऑफिससारखी मोफत सॉफ्टवेअर त्यावर अधिकृतपणे मिळतात.

सिनेमाच्या नावाची फाइल .exe (म्हणजे व्हिडिओ नव्हे, प्रोग्रॅम) निघाली, किंवा ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगितलं, तर तिथेच थांबा. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर तर असल्या फाइल नकोच. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.