मंडईच्या दिवसांत झाडीपट्टी: रात्री दंडार-नाटक, दुपारी भटकंती

मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. तिची तारीख इंटरनेटवर शोधत बसू नका, ती गावातच कळते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांत भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात. शेजारच्या गावाशी टक्कर होऊ नये म्हणून प्रत्येक गाव आपला दिवस वेगळा ठेवतं, त्यामुळे आठवडाभर राहिलात तर रोज नवी मंडई सापडते. नाटकांचा हंगाम मात्र लांबतो. दिवाळीनंतर सुरू झालेले प्रयोग होळीच्या आसपासपर्यंत चालतात. धान घरात आलं, हातात थोडा पैसा खुळखुळला की डिसेंबर-जानेवारीत त्यांना खरा जोर येतो. दंडार, खडी गंमत हे इथले लोकनाट्याचे खेळ बघायचे असतील तर दिवाळीनंतरचे पंधरा दिवस धरा. नाटक आणि शंकरपट दोन्ही हवे असतील तर जानेवारी बरा. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, त्यांच्यावर 2014 मध्ये बंदी आली होती. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि पट पुन्हा भरू लागले. पटाच्या रात्री त्या गावात नाटक असतंच म्हणा ना.

मुक्कामासाठी वडसा पकडा. सरकारी कागदावर देसाईगंज, गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर वडसा. झाडीपट्टीच्या नाटक मंडळांची कार्यालयं इथेच आहेत, गावोगावचे लोक प्रयोग ठरवायला इथेच येतात. अशा कोणत्याही कार्यालयात जाऊन "आज प्रयोग कुठं हाय?" एवढं विचारा, गाव आणि तिथे जायचा रस्ता दोन्ही सांगतील. इथल्या रंगभूमीला 2023 साली परशुराम खुणे यांच्या पद्मश्रीच्या रूपाने मोठा मान मिळाला, पण तिची खरी ताकद बघायची तर मंडपातच बसायला हवं. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनी हावडा मार्गाच्या गाडीने गोंदियाला उतरावं आणि तिथून बल्लारशाकडची गाडी धरावी. या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून आधी ही जोडगाडी बघा आणि मगच मुख्य तिकीट काढा. उलट क्रमाने केलं तर गोंदिया स्टेशनवर अर्धा दिवस जातो.

पोस्टरवरची तारीख वाचताना बहुतेक नवखे चुकतात. "15 तारखेला रात्री" म्हणजे प्रयोग 16 च्या पहाटेपर्यंत चालणार. म्हणून परतीचं रिझर्वेशन 16 च्या सकाळचं कधीच करू नका, संध्याकाळचं करा. पोस्टरवर नऊ लिहिलेलं असलं तरी पडदा अकराच्या आसपास उघडतो. मंडळ आदल्या रात्री दुसऱ्या गावात खेळलेलं असतं, सामान ट्रकमधून येतं, पडदे-लाईट लागतात, आणि गावकरीही जेवणं उरकूनच येतात. तुम्हीही जेवूनच जा.

यायच्या-जायच्या प्रश्नावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एसटीची मुक्कामी गाडी. ती संध्याकाळी गावात येते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे परत निघते. तिने गेलात तर नाटक सुटल्यावर वाहन शोधावं लागत नाही. उतरतानाच कंडक्टरला सकाळी निघायची वेळ विचारून घ्या, कारण फलकावरची आणि प्रत्यक्षातली वेळ नेहमी जुळेलच असं नाही. मोटारसायकलने जायचा मोह टाळा. वडसा-ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ भरपूर आहेत आणि रानडुक्कर तर रस्त्यात कुठेही आडवं येतं. रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी पहाटेच्या धुक्यात गाडी चालवणं त्याहूनही वाईट. स्वतःची चारचाकी असेल तरी उजाडल्याशिवाय निघू नका, गाडीतच दोन तास झोपा.

मंडप बहुतेक कापणी झालेल्या बांधीत (धानाच्या शेतात) किंवा आखरावर (गावाजवळच्या गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर) असतो. जमिनीवरची बैठक आणि खुर्ची यांचे दर वेगळे, तिकीट मंडपाच्या तोंडाशीच मिळतं. जमिनीवर बसणार असाल तर सतरंजीखाली प्लास्टिकचा कागद हवाच. वरून दव पडतं, खालून ओल चढते आणि धानाचं धसकट चादरीतूनही टोचतं. थंडीच्या ऐन दिवसांत पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा अंगावर स्वेटर, कानाला मफलर आणि पायांवर जाड चादर घ्या. पाय गार पडले की झोप येत नाही आणि नाटकातही लक्ष राहत नाही. साउंडच्या डब्यांपुढे बसू नका, थोडं तिरकं आणि ऑर्गन नीट ऐकू येईल असं बसा. ऑर्गन-तबल्याची साथ समोर वाजत असते आणि नट मंचावर स्वतः गातात, हे झाडीपट्टीचं वैभव आहे. बायका-मुलं घरच्या घोळक्याने येतात. एकट्या आलेल्या बाईने अशाच एखाद्या घोळक्याशेजारी जागा धरावी, बहुतेक वेळा त्याच सरकून जागा करून देतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा, नेटवर्क गेलं की मोबाईलवरून पैसे जात नाहीत.

दंडारीची गोष्ट वेगळी. तिला मंच लागत नाही. लोकांचं कडं पडतं आणि मधल्या मोकळ्या जागेत खेळ रंगतो. लुगडं नेसलेला पुरुष बाईची भूमिका करतो. त्याच्या पायांकडे बघा. घुंगरू ढोलकीच्या बरोबरीने वाजतात, आणि ढोलकी थांबली तरी एक ठोका पुढे चालून मग थबकतात. या एका ठोक्यावर लोक शिट्ट्या मारतात. हे दिसायचं तर कड्याच्या पहिल्या दोन रांगांत, खाली बसून बघावं लागतं. मागे उभं राहिलं की फक्त डोकी दिसतात. दुपारी तीनच्या आत जागा धरा, कारण ऊन कलल्यावर गर्दी दाटते. खेळ आवडला तर नोट थेट नाचणाऱ्याच्या अंगावर टाकू नका, म्होरक्याच्या हातात द्या, तो तुमचं नाव पुकारतो. फोटोसाठी फ्लॅश मारू नका आणि कड्याच्या आत शिरू नका. गोवारी (गुरं राखणाऱ्या समाजाची) मंडळी ढाल घेऊन नाचत येतात तेव्हा वाट मोकळी करून द्या. ती पूजेची वस्तू आहे, तिला हात लावायचा नाही.

मंडईत खायला शिंगाडे घ्या. बोडीतून (शेततळ्यातून) आणि मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावातून ढीवर (मासेमार) बांधवांनी काढलेले असतात. हिरवे कच्चे गोड, रसाळ लागतात. उकडलेल्यांचं साल काळं पडतं आणि गर पिठूळ, पोटभरीचा होतो. शिंग जपून मोडा, बोटाला सहज लागतं. हे दिवस लेकी-जावयांचे, सोयरिकी जुळवायचे. त्यामुळे घरं पाहुण्यांनी भरलेली असतात आणि वडशातले लॉजही, खोली आठवडाभर आधी फोनवर सांगून ठेवा. कुणी घरी बोलावलं तर संकोच न करता जा, जाताना लहान मुलांसाठी जिलेबीचा पुडा न्या.

आता भटकंती. रात्र जागल्यावर सकाळी फिरायचा बेत कोलमडतोच. तेव्हा अकरापर्यंत झोपा, जेवा आणि दुपारी एकच दिशा धरा. सलग दोन रात्री नाटक बघू नका, मधली एक रात्र झोपेची ठेवा.

आमची पहिली पसंती अर्जुनी मोरगावच्या बाजूला. नवेगावबांधचा तलाव, इटियाडोह धरण आणि जवळच गोठणगावची तिबेटी वसाहत, जी 1972 पासून तिथे आहे. धानाच्या बांध्या संपतात आणि अचानक प्रार्थनेच्या रंगीत पताका दिसू लागतात. प्रतापगडावर महादेवाचं देऊळ आणि ख्वाजा उस्मान हारूनींचा दर्गा जवळजवळ आहेत. ही चारही ठिकाणं एका दुपारी गाडी ठरवूनच होतात, एसटीच्या भरवशावर दोनच जमतील.

दुसरी दिशा मार्कंड्याची. वडशाहून आरमोरीमार्गे गडचिरोली सुमारे 50 किलोमीटर, पुढे चामोर्शीवरून मार्कंडा देव. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते आणि काठावर कोरीव दगडी मंदिरांचा समूह उभा आहे. शिल्पं बघायला दुपारची तिरपी उन्हं चांगली, सावल्यांमुळे बारकावे उठून दिसतात. पण यायला-जायलाच दिवस मोडतो, म्हणून त्या रात्रीचं नाटक सोडा.

वेळ उरला तर नागभीडजवळचा घोडाझरी तलाव बघा. ताडोब्याचा बेत असेल तर गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं आणि सकाळची सफारी पहाटेच निघते, त्यामुळे ती नाटकाच्या दुसऱ्या दिवशी घेऊ नका.