आईला घेऊन वर्षभराचं येणं-जाणं कसं आखावं

आई कोणाकडे किती महिने राहणार, इथूनच बहुतेक घरांतली चर्चा सुरू होते. चार महिने थोरल्याकडे, चार धाकट्याकडे, चार लेकीकडे. ऐंशी उलटलेल्या माणसाची अशी वाटणी करू नये, असं माझं ठाम मत आहे. दर चार महिन्यांनी नवी खोली, नवं न्हाणीघर, नवे डॉक्टर आले की रात्री उठल्यावर दिव्याचं बटण कुठे आहे इथपासून सगळं पुन्हा शिकावं लागतं. आईने एका घरी राहावं आणि पाळी आपण भावंडांनी फिरवावी. आईचा प्रवास आनंदाचा असावा: गणपतीला गावी, एखाद्या लग्नाला, पंढरपूरला.

आमची आई ८३ वर्षांची आहे आणि साताऱ्यात माझ्याकडे असते. दादा-वहिनी डोंबिवलीला, ताई नाशिकला, मूळ घर गुहागर तालुक्यात. लेकीकडे आई कशी काय, असं विचारणारे अजूनही भेटतात. तिचे डॉक्टर इथे आहेत, घर तळमजल्यावर आहे आणि तिच्या गप्पांच्या बायका चार घरांवर राहतात, एवढं सांगून मी विषय संपवते.

आधी आईचं वर्ष, मग आपलं

पाडव्याच्या सुमारास आम्ही तिघं कॅलेंडर घेऊन बसतो. पहिल्यांदा ऋतू बघतो. मे महिन्यातलं ऊन आणि आषाढातला घाट हे दोन्ही आईसाठी बंद. साताऱ्याहून गावी जाताना लागणाऱ्या कुंभार्ली घाटात पावसाळ्यात दरड येते, आणि २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं ते आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जुलैत कोणाचंही लग्न-मुंज असो, आई जात नाही. हे एकदा जाहीर केलं की दर वेळी रुसवेफुगवे होत नाहीत.

मग सण. यंदा, २०२६ मध्ये, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून गणपती १४ सप्टेंबरला येतात. गेल्या वर्षी ते २७ ऑगस्टला होते. पावसाचा जोर थोडा उतरलेला असतो, त्यामुळे आईच्या दृष्टीने यंदाची तारीख बरी. एका ऋतूत एकच मोठा प्रवास, आणि दोन प्रवासांमध्ये निदान महिनाभर घर, हा नियम आम्ही मोडत नाही.

पंढरपूरला आषाढी-कार्तिकीला किंवा कोणत्याही एकादशीला वयस्कर माणसाला नेऊ नये. मार्गशीर्षात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी उशिरा निघून आम्ही दहिवडी-म्हसवडमार्गे जातो. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याचा आग्रह धरू नका, मुखदर्शन घ्या. आईला विठ्ठल दिसला, तिने हात जोडले, झालं. मुक्काम करायचा तर खोली तळमजल्यावरची, आणि कमोड आहे ना हे फोनवर दोनदा विचारून घ्यायचं.

सगळ्यात शेवटी आमच्या पाळ्या. मी शाळेत शिकवते, त्यामुळे दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत ताई येऊन राहते. दादा निवृत्त आहे, तो दिवाळीनंतर येतो. आणि तो स्वतः येतो. मुलाची पाळी म्हणजे सुनेने येऊन करायची, असं आमच्याकडे चालत नाही. आईच्या पायाला तेल लावणं, तिची औषधं देणं, तिला न्हाणीघरापर्यंत धरून नेणं हे दादा शिकला. आंघोळ घालायला मात्र एक बाई येतात, कारण आईला लेकाकडून ते नको असतं, आणि तिचा तो हक्क आहे.

वही

पाळी बदलते तेव्हा खरं हस्तांतर होतं ते वहीचं. शंभर पानी साधी वही. पहिल्या पानावर औषधं, पण गोळीच्या कंपनीच्या नावाने नाही; पाकिटावर बारीक अक्षरांत असतं ते मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम. गावच्या दुकानात तीच कंपनी मिळेलच असं नाही, मूळ नाव असलं की डॉक्टर किंवा दुकानदार बरोबर गोळी ओळखतात. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, आणि कोणती डॉक्टरांनी कशासाठी दिली आहे हेही लिहायचं.

पुढच्या पानांवर रोजच्या दोन-चार ओळी: झोप, जेवण, पोट साफ झालं का, पायांवर सूज, मन कसं होतं. हे कंटाळवाणं वाटतं, पण याचा फार उपयोग होतो. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा जंतुसंसर्ग झाला तर ताप किंवा जळजळ असतेच असं नाही. एकाएकी बोलण्यात गोंधळ, रात्रभर अस्वस्थपणा, जेवण नको, एवढंच दिसतं. शरीरातलं सोडियम कमी झालं तरी तसंच दिसतं. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. काल-परवापर्यंत माणूस कसा होता हे वहीत असेल तर डॉक्टरांना फरक लगेच कळतो.

वहीच्या मागच्या खिशात आधारची प्रत, चिठ्ठ्यांचे फोटो, आणि ७० वर्षांवरच्यांना मिळतं ते आयुष्मान वय वंदना कार्ड. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार यादीतल्या दवाखान्यांत होतात. प्रवासाच्या गावाजवळचं कोणतं रुग्णालय त्या यादीत आहे ते निघण्याआधी बघून ठेवा.

पेन्शनचं कामही वहीतच लिहिलेलं असतं आणि ते दादाकडे आहे. वडील टपाल खात्यात होते, आईला त्यांच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, पण केंद्राच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, पोस्टमनही घरी येऊन करून देतात. दुसरं म्हणजे, केंद्राच्या पेन्शनमध्ये ८० वर्षं पूर्ण झाल्यावर मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते. पेन्शनच्या कागदावर जन्मतारीख नीट नोंदलेली नसेल तर ती अडकते, तेव्हा पासबुक उघडून बघा.

घाट उतरताना

पहाटे चारला निघायची आपल्याकडे सवय आहे. आईला घेऊन तसं निघू नका. झोपमोड झाली की दिवसभर डोकं जड आणि पाय लटपटतात. आम्ही नाश्ता, गोळ्या, संडास सगळं आटपून नऊला निघतो. उंब्रज, पाटण, कोयनानगर. कोयनानगरला मोठा थांबा, कारण पुढे घाट. दर दीड तासाने गाडीतून उतरवून दहा पावलं चालवायचं. पाय लोंबकळत ठेवून बसलं की सूज येते आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. आई पुढच्या सीटवर बसते, तिथे गरगरतं कमी. उलटीची गोळी मनाने देऊ नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी वयस्करांना गुंगी येते, लघवी अडते, गोंधळ होतो. डॉक्टरांना विचारूनच द्या.

आता एक गोष्ट जी बायका बोलत नाहीत. रस्त्यात लघवीला जायची सोय नसेल या भीतीने आई निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं कमी करायची. आपल्या आया आयुष्यभर असंच करत आल्या आहेत. त्या वयात पाणी कमी पडलं की रक्तदाब उतरतो, उभं राहताना चक्कर येते. उपाय सोय करण्यात आहे, समजावण्यात नाही. आमच्या गाडीत मागे घडीची कमोड खुर्ची असते, पिशव्या असतात, आणि आडोशाला दोन जुनी लुगडी. पॅडबद्दल ताई तिच्याशी एकटीने बोलली, नातवंडांसमोर नाही, आणि आधी घरी एक रात्र वापरून बघू म्हणाली. सोय झाली तशी आई आपणहून बाटली मागायला लागली. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टर सांगतात. स्वतः बंद करू नका.

औषधं हातातल्या पिशवीत, आणि ठरलेल्या मुक्कामापेक्षा आठवडाभराची जास्त. डिकीत ठेवलेली पिशवी पाहुण्यांच्या सामानाखाली जाते.

दादा आणि मंडळी मुंबईकडून कोकण रेल्वेने चिपळूणला येतात. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे यंदा शनिवारी, १२ सप्टेंबरला निघायचं तर १४ जुलैला सकाळी आठला तिकीट काढायला बसायचं. ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२०पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुष ६० आणि बायका ४५ वर्षांपासून. तुमचं माणूस एसटीने जाऊ शकत असेल तर ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५पर्यंत अर्धं तिकीट.

गावच्या घरात

आई पोचण्याच्या दोन दिवस आधी कोणीतरी एकाने पोचायचं, हे आमचं पक्कं. काम भरपूर असतं. पावसाने अंगणातल्या जांभ्या दगडावर शेवाळ धरलेलं असतं, ते तारेच्या ब्रशने खरवडून ब्लीचिंग पावडर टाकायची. पडवी ते माजघर मध्ये उंबरठा आहे, त्याच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवतो आणि शेजारी भिंतीला धरायला दांडी ठोकली आहे. आईची खोली न्हाणीघराला लागून, मग ती खोली कितीही छोटी असो. खाट एवढी उंच की बसल्यावर तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. वीज जाणारच, म्हणून आपोआप लागणारा दिवा तिच्या खोलीत आणि वाटेत. रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, हे सोबत झोपणाऱ्याने लक्षात ठेवायचं.

नैवेद्याचा प्रश्न दर घरात येतो. पूजा लांबते, नैवेद्याला दीड-दोन वाजतात, आणि आई देवाआधी जेवणार नाही. मधुमेहाची गोळी घेतलेल्या माणसाने इतकं उपाशी राहणं धोक्याचं. आम्ही भटजींशी आधी बोललो. आता सकाळी देवघरातल्या देवांना गूळ-खोबरं आणि दुधाचा नैवेद्य होतो, तो प्रसाद घेऊन आई तिच्या वेळेला पेज आणि भाजी खाते. तिच्या श्रद्धेला धक्का लागला नाही, गोळीही चुकली नाही. तिच्याशी वाद घालून हे झालं नसतं.

गर्दीत म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवर बसवून ठेवतात आणि येणारा जाणारा पाया पडतो. त्याने जीव शिणतो. दुपारी एक ते चार तिची खोली बंद, हे दारावर आलेल्याला नात हसून सांगते. आरतीला झांजा वाजायला लागल्या की कानाच्या यंत्राचा आवाज कमी करायचा. आणि तिला काम द्या. खरं काम. एकवीस-एकवीस दुर्वांच्या जुड्या आई करते, वाती वळते, मोदकाची उकड हाताला कशी लागते ते बघून सुनांना पाणी घालायला सांगते. गौरीच्या ओवशाला, म्हणजे सुना गौरीपुढे सूप वाहतात तेव्हा, कोणाचं सूप कसं भरायचं हे घरात फक्त तिला ठाऊक आहे, आणि ते विचारायला नातसुना तिच्याजवळ बसतात तेव्हा तिचा आवाजही बदलतो.

संध्याकाळी कधीकधी ती विचारते, ‘घरी कधी जायचं?’ हेच तर घर, असं कोणी म्हणालं की ती अधिकच बावरते. दिवे लवकर लावा, जवळ बसा, ‘जाऊ, आधी चहा घेऊ’ म्हणा, आणि तिला त्या घराबद्दल बोलू द्या.

एक्क्याऐंशीचा सोहळा

हजार पौर्णिमांचे २९,५३० दिवस होतात, म्हणजे जवळपास ८० वर्षं १० महिने. म्हणून सहस्रचंद्रदर्शन एक्क्याऐंशीच्या आसपास करतात. ते गावी नेऊन करायचा मोह आम्ही टाळला आणि साताऱ्यातच तळमजल्यावरचं छोटं कार्यालय घेतलं. होमाजवळ आई संकल्पापुरती बसली, धुरात नाही, आणि पाटाऐवजी खुर्चीवर. ८१ दिव्यांनी ओवाळलं. माहेरची माणसं सकाळी, शेजारी-मैत्रिणी संध्याकाळी, असे दोन भाग केले, मध्ये तिची झोप. भाषणं ठेवली नाहीत. तिच्या धाकट्या बहिणीला शेजारी बसवलं, त्या दोघी जे बोलल्या तेच तिने पुढे महिनाभर आम्हाला सांगितलं.

बेत कधी मोडायचा

निघण्याआधीच्या आठवड्यात ताप, पडणं, नव्याने सूज किंवा धाप, जेवण तुटणं, बोलण्यात एकाएकी गोंधळ, किंवा डॉक्टरांनी नुकतंच औषध बदललेलं, यांतलं काहीही असेल तर आई जात नाही. सांगायचं काम मी करते, कारण वही माझ्याकडे असते, आणि दादा-ताई वाद घालत नाहीत, हेही आधीच ठरलेलं आहे. गणपती गावीच बसतो, पूजेला दादा जातो. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की एकेक कुटुंब दोन-दोन दिवसांसाठी साताऱ्याला येतं, सगळी एकदम नाहीत. व्हिडिओ कॉल आरतीच्या गोंगाटात लावू नये, दुपारी शांत वेळी लावावा आणि मूर्ती जवळून दाखवावी.

आई गेली असो वा नसो, सण संपला की वर्षभर तिच्याजवळ असणाऱ्याला आठवडाभर सुट्टी मिळालीच पाहिजे. त्या आठवड्यात ताई माझ्या घरी राहते आणि मी बाहेर पडते. आई प्रवासाहून परतली असेल तर पहिले तीन दिवस पाहुणे नाहीत, हलकं जेवण, रोज रक्तदाब, आणि शिल्लक गोळ्या मोजून वहीत नोंद.