आयपी अ‍ॅड्रेस देताना या चुका टाळा

‘नेट बंद आहे’ म्हणून बोलावणं येतं, तेव्हा पुष्कळदा केबल धड असते, राउटरही धड असतो. कुणीतरी घाईत हाताने टाकलेला आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता, चुकलेला असतो.

सगळ्यात वेळ खाणारी चूक म्हणजे डीएचसीपी, म्हणजे मशीनना आपोआप पत्ते वाटणारी राउटरमधली सोय, तिच्या पूलमधलाच (वाटपासाठी ठेवलेल्या पत्त्यांमधलाच) पत्ता एखाद्या मशीनला हाताने देऊन ठेवणं. एका ऑफिसात प्रिंटर सकाळी चालायचा आणि दुपारी गायब व्हायचा. ड्रायव्हर पुन्हा टाकून झाला, केबल बदलून झाली, नवा प्रिंटर घ्यायची बोलणी सुरू झाली. मी प्रिंटरची केबल काढली आणि त्याच्याच पत्त्यावर, १९२.१६८.१.५० वर, पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक पाठवली. तरी उत्तर आलं! म्हणजे तो पत्ता आणखी कुणाकडे तरी होता. राउटरचा पूल २ पासून २५४ पर्यंत मोकळा ठेवलेला, आणि हाताने टाकलेल्या पत्त्याची राउटरकडे नोंद नसते. त्याने ५० नंबर दुपारी येणाऱ्या एका लॅपटॉपला देऊन टाकला होता. एआरपी टेबलमधल्या (कोणता आयपी कोणत्या मशीनकडे, याची यादी) मॅक अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या नंबरवरून, लॅपटॉप सापडला.

मी पूल १०० पासून सुरू करतो आणि खालचे पत्ते राखून ठेवतो. प्रिंटर, कॅमेरे यांना तर राउटरमध्येच मॅक अ‍ॅड्रेसवर रिझर्वेशन करतो, म्हणजे त्या मशीनला कायम तोच पत्ता मिळतो. ‘आत्ता टाकून देऊ, नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचं ते नंतर कधीच येत नाही.

दुसरी चूक सबनेट मास्कची. नवशिके तो कुठून तरी उतरवून घेतात. समोरचा पत्ता आपल्याच नेटवर्कमधला आहे की गेटवेकडे (बाहेर नेणाऱ्या राउटरकडे) पाठवायचा, हे मशीन मास्क लावूनच ठरवतं. २५५.२५५.२५५.० च्या जागी २५५.२५५.०.० टाकलं, की १९२.१६८.१.२० ला १९२.१६८.५.१० शेजारीच वाटतो. मग ते गेटवेला न विचारता एआरपीने थेट हाक मारत बसतं आणि उत्तर येत नाही. इंटरनेट मात्र व्यवस्थित चालतं, म्हणून संशय सर्व्हरवर जातो. सर्व्हर उघडण्याआधी मास्क वाचा, एवढी कळकळीची विनंती.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून काही मिळालेलं नाही. ब्राउझर चाळत बसू नका.

१७२ ने सुरू होणारे सगळे पत्ते खाजगी, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कसाठीचे, नसतात. फक्त १७२.१६ ते १७२.३१.

बाहेरून जोडायला १९२.१६८ चा पत्ता कुणाला पाठवू नका. तो इंटरनेटवर राउट होत नाही.

आणि तपासताना उड्या मारू नका. मी आधी गेटवेला पिंग करतो, मग बाहेरच्या ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर), शेवटी एखाद्या साइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर आयपीची सेटिंग्ज तशीच राहू द्या आणि डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडा शोधणारी सोय, बघा.