गच्चीवरचा तीन बँडचा वायर डायपोल

सकाळी चहा होईपर्यंत ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झवर रेडिओ फिरवला, तर नाशिकमध्ये बसून मुंबई, पुणे, नागपूरची मंडळी एकमेकांशी बोलताना ऐकू येतात. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हॅमचा (हौशी रेडिओचालकाचा) परवाना मिळवलात की त्यांच्यात सामील होण्यासाठी महागडा अँटेना लागत नाही. घरातल्या वायरिंगची तार आणि एक मोकळी सुट्टी पुरते. नवीन हॅमला मी नेहमी हाच डायपोल (मध्यभागी केबल जोडलेला, दोन्ही बाजूंना सारख्या लांबीच्या तारांचा अँटेना) सुचवतो: एकाच कोॲक्सवर (मधली तार आणि भोवती जाळी असलेल्या केबलवर) ४०, २० आणि १० मीटर तरंगलांबीचे, म्हणजे साधारण ७, १४ आणि २८ मेगाहर्ट्झचे तीन बँड, प्रत्येक बँडची आपली वेगळी तार आणि मध्यभागी सगळ्या तारा एकत्र. वापरात नसलेल्या बँडच्या तारा आपोआप बाजूला राहतात, कारण त्या फ्रिक्वेन्सीला त्यांचा अवरोध खूप जास्त असतो.

सामान. नाशिकच्या मेन रोडला गेलात की दीड स्क्वेअर एमएमच्या मल्टिस्ट्रँड तांब्याच्या वायरचं ९० मीटरचं बंडल घ्या. ३७ मीटर लागेल, उरलेलं पुढच्या प्रयोगांना. निफाड-दिंडोरीकडे नातेवाईक असतील तर द्राक्षाच्या मांडवाची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार फुकट मिळते आणि मोहही होतो. तिच्यावर सिग्नल जातो, पण लोखंडाचा रोध तांब्यापेक्षा कितीतरी जास्त, वजन जास्त आणि कापली की ती स्प्रिंगसारखी अंगावर येते. मी ती वापरत नाही.

याशिवाय अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप, चार इंची ड्रेनेज पाइपचा फूटभर तुकडा, भाजी चिरायचा प्लॅस्टिकचा जाड बोर्ड, उन्हात न कुजणारी पॉलिएस्टरची दोरी आणि कोॲक्स. कोॲक्स २५ मीटरच्या आसपास लागणार असेल तर आरजी-५८ऐवजी आरजी-२१३ घ्या. आरजी-५८ मध्ये तेवढ्या लांबीला २८ मेगाहर्ट्झवर सुमारे २ डेसिबल वाटेतच जातात.

मोजमाप. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, पूर्ण लांबी मीटरमध्ये मिळते. निम्मी लांबी एका बाजूला. ७.१ साठी एक बाजू १०.०७ मीटर, १४.१५ साठी ५.०५, २८.४ साठी २.५२. प्लॅस्टिकच्या आवरणामुळे प्रत्यक्षात तार याहून दोन-पाच टक्के आखूड लागते, पण कापताना मात्र जास्तच कापायची: १०.४०, ५.२५ आणि २.६५ मीटर, प्रत्येकी दोन. यातच दोन्ही टोकं बांधायचे दहा सेंटीमीटर धरलेले आहेत.

मधला जोड. इथे घाई नको. बोर्डाचा तळहाताएवढा तुकडा कापा. एका बाजूच्या तिन्ही तारा आधी बोर्डाच्या भोकांतून दोनदा ओवून घ्या, म्हणजे ओढ बोर्डावर येईल, सोल्डरच्या डागावर नाही. मग आवरण काढून तिन्ही एकत्र पिळा आणि चांगला तापलेला सोल्डर आयर्न लावा. शिसं तारांच्या आत शोषलं जाऊन कडा चकचकीत दिसल्या तर डाग पक्का. वर गोळा होऊन मळकट दिसला तर तो पहिल्याच पावसात सुटेल. एका बाजूला कोॲक्सची मधली तार, दुसऱ्या बाजूला जाळी.

याच्या लगेच खाली चोक, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं वेटोळं. चार इंची पाइपवर कोॲक्सचे एकाला एक लागून १६ वेढे द्या, साडेपाच मीटरच्या आसपास केबल जाते. वेढे एकावर एक चढू देऊ नका. चोक नसेल तर कोॲक्सची जाळीच अँटेनाचा भाग बनते, आणि घरातला टीव्ही नि शेजारचे स्पीकर तुमचं बोलणं ऐकवू लागतात.

तारा वेगळ्या ठेवणं. ४० मीटरची तार सर्वांत वर, २० ची तिच्याखाली, १० ची तळाशी. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांनी त्यांच्यात १०-१५ सेंटीमीटर अंतर ठेवा. आखूड तारांची टोकं दोरीने आणखी खाली ओढता आली तर उत्तम, टोकं जितकी दूर तितका एकमेकींचा त्रास कमी.

उभारणी. गच्चीच्या मध्यावर खांब आणि दोन्ही टोकं उतरती, असा उलटा व्ही बहुतेक घरांना जमतो. मधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका. इथल्या इंदिरानगर, सिडकोच्या गच्चीत वीस मीटर सरळ बसत नाहीत, तेव्हा कर्णावर ताणा किंवा टोकाची दोरी शेजाऱ्यांच्या अशोकाच्या झाडाला बांधायची परवानगी मागा. मागितली की मिळते. महावितरणच्या तारेपासून मात्र इतकं लांब राहा की अँटेना तुटून कुठेही पडला तरी तिथे पोहोचणार नाही. टोकांवर उच्च व्होल्टेज असतं, म्हणून ती वाळवण घालणाऱ्यांच्या आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत एवढी उंच हवीत.

जमिनीपासून दहा-बारा मीटर उंची मिळाली तर समाधानी राहा. ४० मीटरवर ती साधारण पाव तरंगलांबी होते, सिग्नल मुख्यतः वर जाऊन परावर्तित होतो आणि महाराष्ट्र छान झाकला जातो. २० मीटरवर तीच अर्धी तरंगलांबी, आणि तिथे दिशा महत्त्वाची. तार ईशान्य-नैऋत्य ताणली तर तिच्या काटकोनात एका बाजूला युरोप येतो, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलिया.

ट्यूनिंग. एक दिवस तार लटकू द्या, नवी वायर ताणली जाते. मग नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं मीटर) लावून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो त्याचं माप, कमी तेवढं चांगलं) कुठे सर्वांत कमी आहे ते पाहा. समजा एका बाजूची तार १०.३० मीटर असताना ते ६.८० मेगाहर्ट्झला आहे आणि हवं ७.१० ला, तर १०.३० × ६.८० ÷ ७.१० = ९.८६. म्हणजे दोन्ही बाजूंना ४४ सेंटीमीटर कमी. पण कापू नका, टोक मागे दुमडून तारेवरच घट्ट पिळा. आधी ४०, मग २०, मग १०, आणि पुन्हा ४० पासून. १० ची तार सर्वांत हट्टी, शेजारच्या तारा हलल्या की तिचा आकडा सरकतो. तीन-चार फेऱ्या होतात, तिथे कंटाळा करू नका.

२१ मेगाहर्ट्झला ४० ची तार तिसऱ्या हार्मोनिकवर (तिप्पट फ्रिक्वेन्सीला) चालते असं ऐकाल. ते खरं आहे, पण तिचा अनुनाद (एसडब्ल्यूआर सर्वांत कमी असण्याची जागा) बँडच्या थोडा वर पडतो, त्यामुळे ट्यूनर (रेडिओ आणि अँटेना जुळवून घेणारा डबा) लागतो.

पावसाळ्याआधी. मधल्या जोडावर एम-सील आणि वरून रबरी सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप. माझ्या पहिल्या अँटेनाला मी नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. ऑगस्टमध्ये एसडब्ल्यूआर अचानक सुधारला, तिन्ही बँडवर, आणि मला आनंद झाला. प्रत्यक्षात जाळीतून पाणी केबलभर उतरलं होतं, ताकद केबलमध्येच जिरत होती, आणि परत येणारा सिग्नलही जिरल्यामुळे मीटर खूश दिसत होता. कोॲक्स कापला तेव्हा तांब्याची जाळी काळी पडलेली निघाली.

म्हणून ट्यूनिंग झाल्यावर प्रत्येक बँडचे आकडे आणि तारीख कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा. मेमधला विजांचा वळीव सुरू झाला की वापर नसताना कोॲक्स रेडिओपासून काढून खिडकीबाहेर ठेवा, आणि जूनपासून दर पंधरवड्याला मीटर लावून आकडे त्या कागदाशी ताडून पाहा. ते बिघडले तर तपासाच, सुधारले तर आधी तपासा.