स्पर्सवाल्यांच्या कट्ट्यावर बसायचं तर

सॅन अँटोनियोत नवा होतो तेव्हा शेजारच्या म्हातारबुवांपुढे मी स्पर्सच्या, म्हणजे इथल्या एनबीए बास्केटबॉल संघाच्या, गप्पांची सुरुवातच २०१४च्या विजेतेपदापासून केली. बुवांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तुम्ही ही चूक करू नका.

सुरुवात १९८७पासून करा. नवे खेळाडू निवडताना पहिला नंबर कुणाचा, हे ठरवणारी लॉटरी लागली, डेव्हिड रॉबिन्सन मिळाला, पण गडी नौदलात! दोन वर्षं वाट पाहिली.

मग १९९७. इथे अजिबात घाई नको. रॉबिन्सन जखमी, ८२ पैकी जेमतेम २० सामने जिंकलेले. लॉटरीच्या यंत्रात १४ चेंडू उसळतात, त्यातले चार बाहेर येतात. सगळ्यात जास्त संधी बॉस्टनला, आणि नंबर लागला आपला. टिम डंकन! तेव्हा तुम्ही कुठे होतात, हे समोरच्याला विचाराच. अर्धा तास आरामात जातो. ‘लॉटरीत संधी वाढावी म्हणून मुद्दाम हरले’ असं कुणी म्हणालंच, तर वाद न घालता चिप्सची वाटी पुढे सरकवा.

सगळं नशिबावर ढकलू लागले की आपल्या जिनोबिलीला बाहेर काढा: १९९९च्या निवडीत थेट ५७वा क्रमांक. पार्करही २८वाच. वेम्बान्यामा, म्हणजे २०२३ची लॉटरी, अगदी शेवटी. तो विषय निघाला की घरातली पोरं मध्ये घुसतात आणि म्हाताऱ्यांना बोलू देत नाहीत.