डिफेन्सची स्कीम समजून घेताना या चुका टाळा: कोच काय सोडायला तयार आहे ते आधी बघा

अमेरिकन फुटबॉल बघायला लागलं की ऑफेन्स लवकर कळतो, बॉल जिकडे तिकडे डोळे जातातच, पण डिफेन्सवर बोलायची वेळ आली की बहुतेक जण "ही टीम 3-4 खेळते, ती 4-3 खेळते" एवढ्यावरच थांबतात (पहिला आकडा पुढे लाईनवर उभ्या लाईनमनचा, दुसरा त्यांच्या मागच्या लाईनबॅकरचा). पहिली चूक इथेच होते. पुढे किती जण उभे आहेत यावरून कोचच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही, आणि हल्ली एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) निम्म्याहून जास्त स्नॅपला (बॉल मागे देऊन खेळ सुरू होतो तो क्षण) निकेल पॅकेज असतं म्हणजे पास अडवणारे पाच डिफेन्सिव्ह बॅक मैदानात, मग 3-4 काय नि 4-3 काय, बरंचसं कागदावरच राहतं.

त्यापेक्षा लाईनमनला काम काय दिलंय ते बघा. कोच वेड फिलिप्सचा डिफेन्स 3-4 म्हणूनच ओळखला जायचा, पण त्याचे लाईनमन एकेक गॅप (दोन ब्लॉकरमधली फट) पकडून थेट आत घुसायचे. बिल पार्सेल्सच्या 3-4 मध्ये मात्र लाईनमनने समोरच्या ब्लॉकरला अंगावर घ्यायचं, त्याला जागचं हलू द्यायचं नाही आणि डावी-उजवी दोन्ही गॅप सांभाळायची, म्हणजे मागचे लाईनबॅकर मोकळे राहतात. नाव एकच, पण एकाला चपळ माणूस लागतो आणि दुसऱ्याला पहाडासारखा. फिलिप्स 2011 मध्ये ह्यूस्टनला आला तेव्हा आदल्या सीझनला समोरच्याला दिलेल्या यार्ड्समध्ये 30 व्या नंबरवर असलेला डिफेन्स एका वर्षात दुसऱ्या नंबरवर आला, त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) लाईनमन जेजे वॅट मिळाला होता हेही खरंच, पण त्या वॅटला गॅपमधून मोकळं सुटू देणारा कोच तिथे होता हे विसरू नका.

आता मुद्द्याचं. अकरा जणांत सगळं मैदान झाकता येत नाही, त्यामुळे प्रत्येक डिफेन्सिव्ह कोच काहीतरी सोडतोच, आणि काय सोडायचं हा त्याचा निर्णय म्हणजेच त्याची फिलॉसॉफी. डिफेन्सिव्ह कोच विक फॅन्जिओ दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे डिफेन्सिव्ह बॅक) मागे ठेवतो, लांबचा पास मिळू द्यायचा नाही म्हणून, आणि त्या बदल्यात समोरच्याला चार-पाच यार्डांचे रन मिळाले तरी चालवून घेतो. ब्लिट्झवाला कोच, म्हणजे चारपेक्षा जास्त जण पुढे सोडणारा, उलटा विचार करतो, पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वेळच द्यायचा नाही, मग बाहेरच्या रिसीव्हरला धरणारा कॉर्नरबॅक मागे एकटा पडला तरी बेहत्तर. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या शंका आपोआप मिटतात.

दुसरी चूक म्हणजे ब्लिट्झ मोजून डिफेन्सला आक्रमक किंवा भित्रा ठरवणं. फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये फॅन्जिओच्या ईगल्सनी चीफ्सविरुद्ध एकही ब्लिट्झ केला नाही, फक्त चार जण पुढे सोडले, आणि तरी चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्सला सहा वेळा सॅक केलं (पास फेकायच्या आत पाडलं), 40-22 ने जिंकले. चौघांतच प्रेशर येतंय तर पाचवा कशाला पाठवायचा, मागे सात जण मिळतात ना कव्हरेजला. दुसऱ्या टोकाला व्हायकिंग्सचा डिफेन्सिव्ह कोच ब्रायन फ्लोरेस, 2023 मध्ये सगळ्यात जास्त ब्लिट्झ त्याचेच, पण फक्त तिघांना पुढे पाठवून आठ जण मागे ठेवणाऱ्यांतही तोच पुढे होता. स्नॅपच्या आधी सहा-सात जण लाईनवर चढून उभे, त्यातले खरंच किती येणार ते क्वार्टरबॅकला कळू द्यायचं नाही, खरा डाव तो आहे.

तिसरी चूक फॅनच नाही, टीमचे मालकही करतात आणि सगळ्यात महागात पडते ती हीच: स्कीम उचलायची पण ती ज्यांच्या जिवावर चालत होती ती माणसं तिथेच राहतात. ब्रँडन स्टेली हा फॅन्जिओच्या हाताखाली तयार झालेला, 2020 मध्ये रॅम्सचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (डिफेन्स सांभाळणारा कोच) असताना पॉइंट्स आणि यार्ड्स दोन्हींत त्याचा डिफेन्स लीगमध्ये पहिला. लगेच चार्जर्सनी हेड कोच केलं. पण तिथे रन डिफेन्स पार तळाला गेला. कारण असं की दोन सेफ्टी मागे ठेवले की बॉक्समध्ये (लाईनजवळ, रन अडवायच्या जागेत) बऱ्याचदा सहाच जण उरतात, आणि टाईट एंड (लाईनच्या टोकाला उभा, ब्लॉकही करणारा रिसीव्हर) धरून समोर ब्लॉकर सहा, म्हणजे गॅप सात. मग कुणीतरी दीड माणसाचं काम करावं लागतं. रॅम्सकडे ते काम करायला लाईनमन ॲरन डोनल्ड होता, त्याच्यावर दोन-दोन ब्लॉकर लावावे लागायचे त्यामुळे गणित आपोआप जुळायचं, आणि बाहेर कॉर्नरबॅक जेलन रॅमझी. चार्जर्सकडे डोनल्ड नव्हता. डिसेंबर 2023 मध्ये रेडर्सकडून 63-21 हरल्यावर स्टेलीला काढलं.

असंच डिफेन्सिव्ह कोच मॉन्टी किफिनचं. टोनी डंजी आणि तो, दोघांनी टॅम्पाला उभा केलेला टॅम्पा 2, ज्यात मिडल लाईनबॅकर पास दिसला की दोन सेफ्टींच्या मधून खोल मागे पळतो. जानेवारी 2003 च्या सुपर बोलमध्ये त्या डिफेन्सने पाच इंटरसेप्शन काढले (समोरच्याचे पास मधेच पकडले), तोवर डंजी कोल्ट्सला गेला होता पण किफिन तिथेच होता. तोच किफिन 2013 मध्ये डॅलसला गेला आणि डिफेन्स यार्ड्समध्ये 32 टीम्सपैकी शेवटचा.

मॅच बघताना होणारी चूक म्हणजे टचडाऊन खाल्लं की कॅमेऱ्यात जो कॉर्नरबॅक दिसतो त्यालाच शिव्या घालणं. टीव्हीच्या अँगलमध्ये सेफ्टी बऱ्याचदा फ्रेमच्या बाहेर असतो. क्वार्टर्स कव्हरेजमध्ये (मागचं मैदान चौघांत वाटलेलं) सेफ्टी साधारण दहा-बारा यार्ड मागे उभा असतो आणि त्याची नजर आतल्या रिसीव्हरवर किंवा टाईट एंडवर. तो ब्लॉक करतोय असं वाटलं की सेफ्टी रनवर पुढे येतो. प्ले-ॲक्शनमध्ये (रनचं सोंग करून पास) ऑफेन्स नेमकं तेच करतं, टाईट एंड क्षणभर ब्लॉकचं सोंग करतो, सेफ्टी दोन पावलं पुढे टाकतो, आणि बाहेरचा रिसीव्हर पोस्ट रूटवर (सरळ पळून मग मैदानाच्या मध्याकडे तिरका) त्याच्या मागून निघून जातो. कॉर्नर बाहेरच्या बाजूने उभा होता कारण आतून मदत येणार हे त्याला सांगितलेलं असतं. चूक सेफ्टीची, पण रिप्लेत पाठलाग करताना दिसतो कॉर्नर. ऑल-22 फुटेज बघायला मिळालं तर एकदा बघाच, सगळे बावीस जण दिसतात.

मग आपल्या टीमचा डिफेन्स गळतोय तेव्हा बिघाड कसा ओळखायचा? दोन सेफ्टीवाल्या स्कीममध्ये पाच यार्डांचे रन जात असतील तर ती ठरवून दिलेली किंमत आहे, घाबरू नका, रेड झोनमध्ये (गोललाईनआधीचे शेवटचे 20 यार्ड) टचडाऊनऐवजी फील्ड गोलवर रोखतायत का ते बघा. पण त्याच स्कीममध्ये 40 यार्डांचे पास जायला लागले तर खरा बिघाड आहे, कारण ज्यासाठी सगळं सोसलं तेच मिळत नाहीये. ब्लिट्झवाल्या टीमचं बरोबर उलट, अधूनमधून लांबचा पास जाणारच, पण सहा जण पाठवूनही क्वार्टरबॅक निवांत उभा असेल तर काळजी करा. नुसते एकूण यार्ड्स बघून यातलं काहीच कळत नाही.

घाई हीसुद्धा चूकच. नवा कोऑर्डिनेटर आला तरी माणसं आधीच्या कोचने निवडलेली असतात, आणि कोण कुठे बसतो ते शोधायला वेळ लागतो. फॅन्जिओचे ईगल्स 2024 मध्ये पहिल्या चार मॅचनंतर 2-2 वर होते, चौथ्या मॅचमध्ये टॅम्पाकडून 33 पॉइंट्स खाल्ले. मग बाय वीकनंतर (मॅच नसलेला आठवडा) कूपर डिजीन हा रुकी, म्हणजे पहिल्याच सीझनचा खेळाडू, स्लॉट कॉर्नरला (आतल्या रिसीव्हरला धरणाऱ्या जागी) आला. झॅक बॉन, जो सेंट्सकडे मुख्यतः स्पेशल टीम्समध्ये (किकच्या वेळी उतरणाऱ्यांत) दिसायचा, त्याला तर सीझनच्या सुरुवातीलाच आतला लाईनबॅकर केलं होतं, आणि तो त्या वर्षी ऑल-प्रो झाला (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला). सीझन संपला तेव्हा यार्ड्समध्ये हा डिफेन्स लीगमध्ये पहिला होता.